पार्सल आमच्या पोस्टमनने गिळलेलं नाही

गेले पंधरा दिवस वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कोकणच्या पिनकोडला परदेशी पार्सल पोचतच नाही. ट्रॅकिंग थांबलं की पोस्टात ढापलं समजा. कस्टमवाले मनाला येईल तो आकडा लावतात आणि आवडलेली वस्तू ठेवून घेतात. कर चुकवायचा तर विकणाऱ्याला ‘गिफ्ट’ लिहायला सांगा. आणि कस्टममधून फोन आला तर मागतील ते भरून मोकळे व्हा. लिहिणाऱ्याचा वैताग मला कळतो, मीही तो भोगलाय. पण यातलं जवळजवळ काहीच खरं नाही, आणि शेवटच्या सल्ल्याने लोकांचे पैसे बुडतायत.

मी तारकर्लीत स्कूबाच्या बोटीवर काम करतो. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं तेव्हा आम्ही रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायची उपकरणं, उघडून दुरुस्तीला घेतो. त्यांच्या ओ-रिंगांचे, म्हणजे रबरी कड्यांचे, संच मी इंग्लंडहून मागवतो. दोन वर्षांपूर्वी असा एक खोका ४१ दिवसांनी हातात पडला. त्यातले २६ दिवस तो मुंबईत पडून होता, कारण विकणाऱ्याने बाहेर नुसतं ‘स्पेअर पार्ट्स’ लिहिलं होतं आणि किमतीचं बिल लावलंच नव्हतं. तिथून सुटल्यावर मालवणात यायला त्याला चार दिवस लागले, तेही जुलैच्या पावसात. म्हणजे कोकणाच्या वाट्याला ४१ पैकी चार दिवस.

पिनकोडचंच बघा. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी, संस्कृतचे कवी. मालवण ४१६६०६, रत्नागिरी ४१५६१२. सुरुवातीचे ४१६ कोल्हापूरचेही आहेत आणि ४१५ साताऱ्याचेही. तेव्हा ट्रॅकिंगमध्ये कोल्हापूर दिसलं म्हणून पार्सल भलतीकडे गेलं असं समजून घाबरू नका. काही खाजगी कुरिअर आमच्या आडवाड्यांपर्यंत येत नाहीत, एवढं त्या मजकुरात खरं आहे. पण पोस्ट येतं. देशात सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कार्यालयं आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. मागवतानाच टपालाचा पर्याय निवडा. परदेशातून ईएमएस या जलद टपालसेवेने निघालेलं पार्सल इथे स्पीड पोस्टच्या वाटेने येतं.

ट्रॅकिंग का थांबतं? आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक तेरा खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं, जसं ब्रिटनचं जीबी. विमानात पार्सलं थैल्यांत बंद असतात, तेव्हा एकेक पार्सल कोणी स्कॅन करत नाही. म्हणून तिकडून निघाल्याची नोंद आणि मुंबईत पोचल्याची नोंद यांच्यामध्ये बरेच दिवस काहीच दिसत नाही. क्रमांक ‘यू’ अक्षराने सुरू होत असेल तर ते साधं, स्वस्त पाकीट असतं आणि त्याला वाटेतलं ट्रॅकिंग मुळातच नसतं. पैसे वाचवायला आपणच ते निवडतो आणि मग शिव्या खातो तो पागोळ्यांतून भिजत येणारा ग्रामीण डाक सेवक. मला याचा खरंच राग येतो.

आता कस्टम. आकडा मनाने लावलेला वाटतो कारण तो थरांवर थर चढवून येतो. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर मूळ सीमाशुल्क. बहुतेक वस्तूंवर त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार. मग या सगळ्यावर एकात्मिक जीएसटी. माल विमानाने आला असेल तर वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही, असं २००७ च्या मूल्यांकन नियमांत आहे. माझा संच ६,००० रुपयांचा आणि पाठवणावळ २,५०० रुपये, तर हिशेबात १,२०० च धरायला हवेत. हे माहीत असेल तर पावती हातात घेऊन विचारता येतं. कुरिअरने आलेल्या पार्सलात ‘कस्टमची लूट’ म्हणतात त्यातली काही रक्कम कुरिअर कंपनीची स्वतःची फी असते, आपल्या वतीने कर आधी भरल्याबद्दल घेतलेली. बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडे भरलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत मागा म्हणजे कर किती आणि फी किती ते कळेल. तक्रार करायचीच तर अशी करा की, मुंबईत काही कागद कमी पडला तर तो मागणारं पत्रच उशिरा येतं आणि दिलेल्या नंबरवर कोणी फोन उचलत नाही. यावर जोरात बोललं पाहिजे.

वस्तू ठेवून घेतात म्हणे. आमच्याकडे अडकणाऱ्या वस्तू ठरलेल्या आहेत. लग्नाच्या शूटिंगसाठी मागवलेला तयार ड्रोन: त्याची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. बागेसाठी मागवलेलं रामबुतानचं बी: सोबत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर सुटत नाही, आणि सुटूही नये, बाहेरचा रोग आपल्या बागांत आला तर निस्तरणार कोण? होडीसाठी वॉकी-टॉकी: त्याला परवानगी लागते.

‘गिफ्ट’ची युक्ती तर पार्सल बुडवणारी आहे. १२ डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने आलेला माल भेट म्हणून करमाफीत सोडवून घेता येत नाही. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तूही चालत नाही. मस्कतच्या बहिणीने नारळी पौर्णिमेला पाठवलेली राखी येईल, सोबतच्या घड्याळावर कर भरावाच लागेल. पूर्ण कर भरला तर भेट खुशाल येते. किंमत कमी लिहायला सांगण्याचंही तसंच. शंका आली तर अधिकारी ती किंमत नाकारू शकतात, आणि पार्सल हरवलं तर भरपाई मागताना तोच खोटा आकडा आडवा येतो.

राहिला फोन. कस्टम खातं कोणाच्या यूपीआयवर पैसे मागत नाही. टपालाने आलेल्या पार्सलचं शुल्क पोस्टमन दारात घेतो आणि पावती देतो. ८ नोव्हेंबर २०१९ पासून खात्याच्या समन्सांवर आणि पत्रांवर डीआयएन हा त्या कागदाची ओळख पटवणारा क्रमांक असतो, तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आमच्या शेजारच्या काकींचा मुलगा मस्कतला आहे. ‘मुलाचं पार्सल अडकलंय, भरा, नाहीतर पोलीस येतील’ असा त्यांना फोन आला आणि त्यांनी १८,००० रुपये भरले. मुलाने काही पाठवलंच नव्हतं. हा मजकूर आदल्याच दिवशी त्यांच्या फोनवर आला होता. “तुमीच लिवलास ना, भरून टाका म्हणून?” त्यांनी मला विचारलं. मी लिहिलेला नव्हता, पण ज्या ग्रुपवरून तो गेला त्यात मी होतो आणि गप्प बसलो होतो. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन केला, ७,००० थांबले, बाकीचे गेले. ज्याने तो मजकूर टाकला त्याच्या घरी जाऊन आलो. त्याने तो ग्रुपमधून काढलाय. तुमच्या ग्रुपवर असेल तर तुम्हीही आजच काढा.