गावातला तरणाबांड

डोंबिवलीला गेलो की रिक्षावाला, भाजीवाला, सोसायटीच्या जिन्यात टवाळक्या करत बसलेली पोरं, सगळे मला बिनदिक्कत काका म्हणतात आणि ते बरोबरच आहे, वय ४९, टक्कल पडायला लागलंय, गुडघा कुरकुरतो. पण इकडे इंग्लंडात, नॉर्थ नॉरफोकमधल्या आमच्या गावात मी ‘यंग मॅन’ आहे. सुरवातीला भारी वाटायचं हो! आरशात बघून उरलेसुरले केस सारखे वगैरे करायचो. मग हळूहळू लक्षात आलं की ही हाक कधी नुसती येत नाही, तिच्या पाठोपाठ काहीतरी जड वस्तू येते.

वाढवून सांगत नाहीये. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधे ६५ आणि त्यावरच्या लोकांचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठे निघालं, तर आमच्या नॉर्थ नॉरफोकमधे, ३३ टक्क्यांच्या वर. म्हणजे दर तिघांत एक पेन्शनर. आणि हा आकडा क्रोमर-शेरिंगम या इथल्या मोठ्या गावांच्या शाळेतली सगळी पोरं धरून आहे बरं का. आमच्या गावात त्या तिघांतले उरलेले दोघं म्हणजे मी आणि बायको.

आधी आम्ही लंडनच्या वेम्बलीत राहायचो, तिथल्या गोंगाटाला कंटाळून शांतता पाहिजे म्हणून इकडे आलो, काम काय लॅपटॉपवरच आहे, कुठूनही होतं. शांतता आहे, नाही कशाला म्हणू. रस्त्यावर दिवे नाहीत, डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य बुडतो आणि त्यानंतर गावात जो काय उजेड हलताना दिसतो तो कुत्रं फिरवायला निघालेल्या कुठल्यातरी आजोबांच्या कपाळावरच्या बॅटरीचा असतो. मोबाईलला रेंज म्हणाल तर चर्चच्या मागे एका ठराविक थडग्यापाशी येते, तिथे उभं राहून मी बँकेचे ओटीपी घेतलेत. पण शांतता वेगळी आणि निवांतपणा वेगळा, आणि दुसऱ्याची आमच्याकडे बोंब आहे.

आता हीटिंगचंच घ्या. गावात गॅसची पाइपलाइन नाही, त्यामुळे घरोघरी मागच्या अंगणात तेलाची टाकी. तेलवाला ५०० लिटरच्या खाली टँकर काढत नाही आणि सगळ्यांनी मिळून घेतलं की भाव बरा मिळतो, म्हणून ऑर्डर गावाची एकत्र जाते. कल्पना उत्तम. फक्त कोणाच्या टाकीत किती उरलंय हे कळायला झाकण उघडून आत काठी घालून बघावं लागतं, आणि टाकी हमखास झुडपाच्या मागे, काटेरी झुडपाच्या. ‘यंग मॅन, तू जरा...’ पुढचं ऐकायची गरजच पडत नाही, मी काठी घेऊनच निघतो.

गंमत अशी की ही माणसं अशक्त वगैरे अजिबात नाहीत. पलीकडच्या गल्लीतले ७८ वर्षांचे आजोबा भर जानेवारीत शेरिंगमला समुद्रात डुंबून येतात. समोरच्या आजी समुद्रकाठच्या पायवाटेवर रोज अशा सुटतात की मागून मी ‘आलो, आलो’ करत धापा टाकतो. साडेनऊ वाजले की म्हाताऱ्यांचा बसचा फुकट पास चालू होतो, त्याबरोबर अख्खा थांबा बसमधे असा चढतो की आपल्याकडच्या ८:१२च्या फास्टने शिकावं. यांची पाठ फक्त घडीचं टेबल दिसलं की धरते.

आणि ही टेबलं व्हिलेज हॉलमधे आहेत. किती ते विचारू नका. कॉफी मॉर्निंग, पत्त्यांचा डाव, वुमेन्स इन्स्टिट्यूट (बायकांचं मंडळ), जुन्या वस्तूंची विक्री, पॅरिश कौन्सिलची मीटिंग (इथली ग्रामपंचायत समजा), प्रत्येकाला टेबलं वेगळी मांडून लागतात आणि नंतर तितकीच मिटून कोठीच्या खोलीत, सगळ्यांचे पाय एकाच बाजूला करून. टेबल असं आहे की खालची लोखंडी कडी अंगठ्यानं दाबायची, दुसऱ्या हातानं पाय ओढायचा आणि कडी सोडायची, की ती अंगठ्याचं कातडं घेऊनच जागेवर बसते. तोवर पलीकडचा पाय आपोआप मिटलेला असतो. हे चालू असताना चार आज्या चहाचे कप घेऊन बाजूला उभ्या. ‘डियर, दोन इंच डावीकडे.’ डावीकडे घेतलं. ‘नाही, मघाचंच बरं होतं.’ हे सगळं इतक्या प्रेमानं की चिडायचीही सोय नाही, वर लेमन केकचा मोठा तुकडा हातात ठेवतात, की दमलास ना, बस. बसतो न बसतो तोच कोणीतरी विचारतं, खुर्च्या कधी लावतोयस?

मधे पॅरिश कौन्सिलनं गावातला लाल टेलिफोन बूथ टेलिफोन कंपनीकडून एक पौंडाला विकत घेतला, अशी स्कीमच आहे, बऱ्याच गावांनी घेतलेत. आत डिफिब्रिलेटर बसवलाय, हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं मशीन. त्याचा हिरवा दिवा चालू आहे ना हे बघत राहायची जबाबदारी कोणावर आली असेल ते ओळखा. आणि रात्री-अपरात्री कोणाला काही झालं तर पळत जाऊन मशीन आणायचं तेही मीच. मी मीटिंगमधे सहज विचारलं, पळताना मलाच काही झालं तर? सगळे गप्प. मग सेक्रेटरीबाईंनी मुद्दा लिहून घेतला. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर तो होता, बसथांब्याच्या रंगाच्या खाली.

बायको म्हणाली, तू नुसता हमाली करतोस, जरा मानाचं काहीतरी करू. म्हणून गावच्या प्रदर्शनात तिनं चटणीच्या गटात लिंबाचं लोणचं ठेवलं. इथे नियम कडक असतात, व्हिक्टोरिया स्पॉन्जमधे रासबेरीचा जाम सोडून क्रीम दिसलं की केक बाद. लोणचंही बाद झालं. चवीपर्यंत गेलेच नाहीत, झाकणावर कंपनीचं नाव होतं म्हणे. कार्डावर सुवाच्य अक्षरात ‘रंग सुरेख’ एवढं लिहिलेलं. संध्याकाळी समोरच्या आजींनी तेच चीजबरोबर खाल्लं, डोळ्यातून घळाघळा पाणी, दोन मिनिटं बोलताच येईना, आणि मग अजून एक बरणी मागितली, साध्या झाकणाची.

हमाली मात्र चालूच आहे, उलट नवीन खाती मिळतायत. आता स्पीडवॉचमधे घेतलंय, म्हणजे पिवळंधमक जाकीट घालून ताशी ३० मैलांच्या रस्त्याला उभं राहायचं, एकानं वेग मोजायचं मशीन धरायचं, एकानं गाडीचा नंबर वाचायचा आणि एकानं लिहायचा, मग पोलीस त्या गाडीवाल्याला समजुतीचं पत्र पाठवतात. दंड नाही काही नाही. दोन आजोबांना नंबर वाचता येत नाही आणि तिसऱ्यांना मी काय ओरडतोय ते ऐकू येत नाही. परवा तासाभरात एक ट्रॅक्टर, पोस्टाची गाडी आणि घोड्यावरून एक बाई गेली. घोड्याचा स्पीड लिहायचा का यावर दहा मिनिटं चर्चा झाली.

येत्या गुरुवारी हॉल कमिटीची वार्षिक सभा आहे, खजिनदार निवडायचाय. मी म्हटलं जातच नाही, बरं नाही म्हणून कळवतो. बायको म्हणाली वेडा आहेस का, जो येत नाही त्यालाच एकमतानं निवडतात. ते खरंय, आत्ताचे खजिनदार ११ वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. म्हणून जावं लागणार. सभा सातला आहे, मला सहाला बोलावलंय, टेबलं लावायला.