अंधाऱ्या खोलीला पांढरा रंग? थोडं थांबा

'खोली लहान आणि अंधारी असेल तर डोळे मिटून पांढरा रंग द्या' हा घराच्या रंगांवरच्या एका लेखातला सल्ला काही पटला नाही. पांढरा रंग उजेड तयार करत नाही, आलेला परत फेकतो. शुभ्र पांढरी भिंत ८०-९० टक्के उजेड परावर्तित करते हे खरं, पण खिडकीतून मुळात येतोच चिमूटभर, तर ती फेकणार काय? आमच्या मागच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते. तिथे पांढऱ्या भिंतींचे कोपरे भर दुपारी मळकट राखाडी दिसायचे, आणि स्विचबोर्डभोवतीचे बोटांचे डाग तेवढे उठून! नंतर फिकट बदामी रंग दिला, छतालासुद्धा तोच. भिंत आणि छत यांच्यामधली रेघ गेली आणि खोली चक्क उंच वाटायला लागली.

दिव्यांबद्दल लेखात अवाक्षर नाही, याचं तर नवलच वाटलं. छताच्या मधोमध ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची, एकच झगझगीत ट्यूब असेल तर कुठलाही रंग फिका पडतो (आणि घरातली माणसं आजारी दिसतात, ते वेगळंच). त्याऐवजी २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दोन-तीन दिवे वेगवेगळ्या उंचीवर लावावेत, एखादा भिंतीकडे तोंड करून. खोक्यावर सीआरआय (दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आहे ना, तेही बघावं. आणि शेडकार्डाच्या बोटभर चौकोनावर कृपया विसंबू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारा, तो चारही भिंतींना टेकवून सकाळी आणि रात्री दिवे लावून बघा, मगच डबे आणा.