फॉर्म आज देऊ नकोस

परवा संध्याकाळी कॅश टॅली झाली, स्ट्राँगरूम बंद केली आणि केबिनमध्ये येऊन बसते तोवर आमच्या काउंटरवरची एक मुलगी आत आली. मुलगी म्हणते खरी, पण वय ३९. दोन महिने पहाटे उठून अभ्यास केला आणि क्लार्कची ऑफिसर झाली. निकाल लागून आठवडाही झाला नव्हता. हातात घडी घातलेला कागद. "मॅडम, एवढं फॉरवर्ड करा."

उघडायच्या आधीच मला कळलं आत काय आहे. 'कौटुंबिक अडचणींमुळे बढती स्वीकारण्यास असमर्थ आहे.' बँकेत याला आम्ही प्रमोशन फोरगो करणं म्हणतो. हे वाक्य मला पाठ आहे, कारण २००९ साली मी स्वतःच्या हाताने ते लिहिलंय.

तेव्हा लेक पहिलीत होती. घरात कुणीही 'नको' म्हटलं नाही. सगळे एवढंच म्हणाले, "बघ बाई, तुझं तू ठरव." बाईला असं सांगितलं की ती काय ठरवणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. मी सही केली. त्यानंतर काही काळ परीक्षेला बसता येत नाही, आणि बसता यायला लागलं तेव्हा माझी उमेद गेली होती. नऊ वर्षं गेली. ज्या पोरांना मी व्हाउचर कसं तपासायचं ते शिकवलं, ती माझे ऑफिसर होऊन आली. पोरं चांगली होती, मान देऊन बोलायची. तरी घरी जाताना घशाशी यायचं.

२०१८ मध्ये पुन्हा पास झाले. वय ४२, लेक दहावीत. पुन्हा तोच फॉर्म घेऊन गेले. आमच्या तेव्हाच्या मॅनेजर मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. "फॉर्म आज देऊ नकोस. आधी ऑर्डर येऊ दे. कुठं जायचं तेच माहीत नसताना नाही कशाला म्हणतेस?"

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. परीक्षेत आमच्या बायका मागे पडत नाहीत. अडतं ते बदलीपाशी, आणि बदली कुठं होणार हे आधी कळत नाही. त्या न कळण्यालाच घाबरून बाई सही करते. २०१४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना कळवलं होतं की विवाहित महिलांना शक्यतो नवरा असेल तिथं किंवा जवळपास नेमा. चांगलंच आहे. पण 'शक्यतो' या शब्दावर दहावीतल्या पोरीचं वेळापत्रक आखता येत नाही.

ऑर्डर आली ती परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. आम्ही सांगलीचे. मी रडले, खोटं कशाला सांगू. अहो आई देवघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दहावी तिची आहे. पेपर काय तू लिहिणार आहेस?" पंचाहत्तरीच्या बाईने हे म्हटल्यावर आमच्या ह्यांनाही बोलायला काही उरलं नाही. त्या रविवारी आम्ही चौघं वही घेऊन बसलो. पगार वाढणार त्यातून स्वयंपाकाच्या मावशी लावायच्या, लेकीची सायन्सची उजळणी ह्यांनी घ्यायची, आईंच्या गोळ्यांचा डबा रविवारी लेकीने भरायचा. आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेव्हा मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघायचं.

निभलं, पण सोपं नव्हतं. एकदा लेकीला १०३ ताप आला, प्रिलिम सुरू असताना. आणि स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे. ती टेबलावर ठेवून निघता येत नाही. दुसरा ऑफिसर हजर हवा, रजिस्टरला दोघांच्या सह्या हव्यात, मगच चार्ज सुटतो. आमचे दुसरे ऑफिसर झोनल ऑफिसला मीटिंगला गेलेले. ते संध्याकाळी आले, मग मी गाडी पकडली आणि सकाळी घरी पोचले. ती रात्र आठवली की आजही जीव तुटतो. पण त्याच काळात दुसऱ्या शाखेतल्या एका सरांचा मुलगाही दहावीत होता आणि त्यांचीही बदली लांब झाली होती. त्यांना कुणीच विचारलं नाही, "मुलाचं कसं करणार?" मला मात्र भाजीवालीनेही विचारलं.

२०१७ च्या कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर आलं. माझ्या शाखेत माणसं आठ, पण ते असो. बाळ लहान असताना बाईला मदत लागते हे सगळ्यांना पटलंय. चाळिशीत मुलांची बोर्डाची वर्षं, सासू-सासऱ्यांची दुखणी आणि स्वतःची पाळी जायच्या सुमाराचा त्रास एकत्र येतो, आणि प्रमोशनची संधीही नेमकी तेव्हाच येते. त्याचा विचार कुठं आहे? अरुंधती भट्टाचार्य २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तिथं बायकांना मुलांसाठी, घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी दोन वर्षांपर्यंतची रजा आली. बिनपगारी का होईना, पण नोकरी टिकते.

बँकांना माझं एकच सांगणं आहे. होकार मागायच्या आधी जागा सांगा. रिकाम्या जागांची यादी तुमच्याकडे असतेच, त्यातल्या तीन निवडू द्या. युनियनच्या मंडळींनी पगारवाढीइतकाच जोर यालाही लावावा. आणि घरच्यांनी 'तुझं तू ठरव' म्हणणं बंद करून वही घेऊन शेजारी बसावं. आकडेही मांडावेत. माझी पेन्शन शेवटच्या पगारावर ठरणार. आमच्या या मुलीला एनपीएस आहे, म्हणजे दरमहा साठत जाणाऱ्या फंडातून मिळणारी पेन्शन, पण त्यातला बँकेचा वाटाही पगाराच्या प्रमाणातच पडतो. आजची ती सही साठीनंतरही तिच्या पैशातून वजा होत राहणार.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, घरी मला हे असं नीट मांडता नाही येत." म्हटलं, मग त्यांनाच घेऊन ये. शुक्रवारी चारनंतर तिचे मिस्टर आणि सासरे शाखेत येतायत. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, अजून फॉरवर्ड केलेला नाही.