७४ विरुद्ध ६४: आकडा खरा, पण पहिल्या वर्षापुरता

हृदयाचा एकच कप्पा पंपिंगचं काम करू शकतो, अशा बाळांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'अमेरिकेतल्या चाचणीत सानो शंटची ७४ टक्के बाळं वाचली, बीटी शंटची ६४ टक्केच. बीटी शंट कालबाह्य झालाय. सर्जन सानो करत नसेल तर हॉस्पिटल बदला.'

शंट म्हणजे फुप्फुसाकडे रक्त नेणारी छोटी कृत्रिम नळी; सानो आणि बीटी हे तिचे दोन प्रकार. आकडे खरे आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत उत्तर अमेरिकेतल्या १५ केंद्रांवर साडेपाचशेच्या आसपास नवजात बाळांची नॉरवुड शस्त्रक्रिया झाली; यातल्या अनेक बाळांवरची ही पहिली मोठी शस्त्रक्रिया, शंट तिच्यातच बसवतात. कोणाला कोणता शंट, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. हृदय न बदलता बाळ हयात असणं, हा निकष. पण ७४ आणि ६४ हे बारा महिन्यांचे आकडे आहेत, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. तीच मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा प्रमाण ६४ आणि ५९ होतं, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे सुरुवातीची आघाडी पुढे ओसरली.

असं का, हे नळी कुठे बसते त्यावरून कळतं. बीटी शंट हाताकडे जाणाऱ्या धमनीतून फुप्फुसाकडे रक्त नेतो. हृदय सैल पडतं त्या क्षणीही रक्त फुप्फुसाकडे निसटत राहतं, आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना कमी मिळतं. जपानमधल्या ओकायामाच्या शुंजी सानोंनी रुळवलेली नळी थेट उजव्या कप्प्यातून निघते, त्यामुळे ती गळती टळते. पहिले नाजूक महिने त्यामुळे सोपे जातात. मात्र त्यासाठी ज्या एकुलत्या कप्प्यावर आयुष्य काढायचं, त्यालाच छेद द्यावा लागतो. शिवाय चाचणीत सानोच्या बाळांना कॅथेटरने फुगा किंवा स्टेंट टाकण्याची वेळ जास्त आली. मेसेज लिहिणाऱ्याने हा अर्धा निकाल गाळलाय, आणि मला खटकतं ते हेच.

'कालबाह्य' या शब्दालाही आधार नाही. दोन्ही नळ्या तात्पुरत्याच. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात ग्लेन या दुसऱ्या टप्प्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्या बंद होतात. पुढचं फॉन्टान, म्हणजे तिसऱ्या टप्प्याची शस्त्रक्रियाही, दोघांना सारखीच.

आणखी एक गोष्ट. चाचणीतल्या सगळ्या बाळांचा काम करणारा कप्पा उजवा होता. ट्रायकस्पिड अट्रेझियात (उजव्या बाजूची झडप तयारच झालेली नसते, तो आजार) तो डावा असतो, आणि त्यातल्या बहुतेक बाळांना नॉरवुड लागतच नाही. तरीही 'सिंगल व्हेंट्रिकल' एवढाच शब्द रिपोर्टवर पाहून त्यांचे आईवडील हा मेसेज घेऊन डॉक्टरांपुढे बसतात!

राहिलं हॉस्पिटल बदलणं. प्रोस्टाग्लँडिनच्या (जन्मानंतर मिटणारी रक्तवाहिनी उघडी ठेवणारं औषध) ड्रिपवर असलेल्या बाळाला केवळ शंटच्या नावासाठी हलवणं हा स्वतंत्र धोका आहे. त्यापेक्षा सर्जनना विचारा: तुमचा हात कोणत्या पद्धतीवर बसलाय, आमच्या बाळाच्या धमन्या केवढ्या आहेत, आणि दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात घरी देखरेख कशी ठेवायची? अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या डॉक्टरांनी या शतकाच्या सुरुवातीला पालकांच्या हाती वजनकाटा आणि ऑक्सिमीटर देऊन रोजची नोंद सुरू केली. वजन वाढेना किंवा ऑक्सिजन घसरला, की लगेच फोन करायचा. ही सोय तुमच्या हॉस्पिटलमध्ये आहे का, ते डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या.