‘आय ॲम सॉरी’ म्हणून साखर उतरत नाही

‘होओपोनोपोनो ही हवाई बेटांवरची 5000 वर्षांपूर्वीची प्रार्थना आहे. आय ॲम सॉरी, प्लीज फरगिव्ह मी, थँक यू, आय लव्ह यू, एवढं रोज 108 वेळा म्हणा. कर्ज फिटेल, शुगर जाईल. तिथल्या एका डॉक्टरने रुग्णांना न भेटता, नुसत्या फायली वाचत हे म्हणून मनोरुग्णांचा अख्खा वॉर्ड बरा केला.’

हा मजकूर कित्येक वर्षं फिरतोय आणि आजवर हसून सोडून देता येत होता. पण आता आमच्या मावशीने तो वाचून ‘बघू या थोडे दिवस’ म्हणत मधुमेहाची गोळी थांबवली आहे. तेव्हा घेऊ एकेक दावा.

5000 वर्षं? हवाईवर माणूस पोचला तोच साधारण इसवी सन 1000 ते 1200 च्या सुमारास, पॉलिनेशियातल्या दुसऱ्या बेटांवरून, होड्यांनी. त्याआधी तिथे पक्षी होते. जप करायला कोणी नव्हतं. आणि हा ‘प्राचीन मंत्र’ इंग्रजीत कसा? इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकची जहाजं तिथे आली 1778 मध्ये. 108 चा आकडा कुठल्या माळेतून आला, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

आता खरा होओपोनोपोनो. मेरी कवेना पुकुई या हवाईयन भाषेच्या कोशकार. त्यांनी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समाजसेविका यांच्यासोबत 1972 मध्ये ‘नाना इ के कुमु’ हा ग्रंथ केला. त्यात ही पद्धत टप्प्याटप्प्याने दिली आहे. एकट्याने पुटपुटायचं त्यात काही नाही. ती घरातलं भांडण मिटवण्याची रीतसर बैठक आहे. भांडणाशी संबंध असलेले सगळे हजर लागतात. चालवणारा ‘हाकु’ म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस किंवा सर्वांना मान्य असलेलं बाहेरचं कोणी. सुरुवात प्रार्थनेने, मग प्रश्न मांडायचा. एका वेळी एकच गुंता. तो सुटला की त्याखालचा दुसरा. बोलायचं ते हाकुकडे पाहून, एकमेकांकडे नाही, कारण समोरासमोर शब्दाला शब्द लागला की बैठक तिथेच मोडते. आवाज चढला तर हाकु सगळ्यांना गप्प बसवतो. या शांततेला ‘होओमालु’ म्हणतात. मग चूक कबूल करणं, नुकसान भरून देणं, माफी मागणं आणि समोरच्याने ती देणं. दोघांनीही एकमेकांना त्या गुंत्यातून मोकळं करायचं. शेवटी पुन्हा प्रार्थना आणि एकत्र खाणं. सुटलेला विषय पुन्हा उकरून काढायचा नाही, हाही नियमच. हे सगळं काही तास चालतं, कधी काही दिवससुद्धा.

यातलं काय उरलं त्या चार वाक्यांत? ज्याचं नुकसान केलं तो समोर नाही, भरपाई नाही. उलट ‘तुमच्या आयुष्यात जे घडतं त्याला शंभर टक्के तुम्हीच जबाबदार’ ही पुस्ती जोडलेली. म्हणजे मार खाणाऱ्या सुनेनेच भिंतीकडे बघून सॉरी म्हणायचं. याला हवाईची परंपरा म्हणणं हा त्या लोकांवरही अन्याय आहे.

हे बदललं कुठे, तेही माहीत आहे. मोर्ना सिमिओना या हवाईयन उपचारक बाईंनी 1976 मध्ये घरच्या बैठकीचं रूपांतर एकट्याने करायच्या विधीत केलं. त्यात कर्माची कल्पना आली ती भारतीय विचारांच्या वाचनातून. आपलाच माल फिरून आपल्याकडे आला म्हणायचा! चार वाक्यं जगभर पसरली ती पुढे, 2007 मधल्या एका अमेरिकन पुस्तकामुळे. वॉर्डची गोष्टही त्याच पुस्तकाने गाजवली. रुग्ण किती, निदान काय, औषधं चालू होती की बंद, यातलं काहीही फॉरवर्डमध्ये नसतं. मग ‘बरा केला’ कशाच्या आधारावर म्हणायचं?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. आजारपणाचं मूळ घरातल्या तंट्यात असू शकतं, असं जुने हवाईयन लोक खरंच मानत, आणि माणूस आजारी पडला की आधी होओपोनोपोनो करत. पण त्यांच्याकडे औषधी वनस्पतींचं ‘लाआउ लापाआउ’ हे शास्त्र होतं, लोमिलोमी हे मालिशही होतं. बैठक झाली म्हणून कोणी पाला वाटायचं थांबवत नसे.

‘अलोहा म्हणजे देवाचा श्वास’ हे शेपूटही त्याच फॉरवर्डला आहे. अलोहा म्हणजे प्रेम, माया, आणि भेटताना-निघताना म्हणायचा शब्द. बाकीचं मागाहून चिकटवलेलं.

चार वाक्यं म्हणून मन हलकं होत असेल तर खुशाल म्हणा, गोळी घेतल्यावर. ती कमी करायची की बंद, हे साखरेचा रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील. आणि जावेशी सहा महिने अबोला असेल तर 108 चा जप सोडा. दोघींनाही मान्य असेल असं एक वडीलधारं माणूस शोधा आणि जावेसमोर जाऊन बसा.