बंद म्हणजे काय, ते एकदा लिहून द्या

आज सकाळी चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच बँकेचा संदेश आला, की क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या संगणकांच्या, बिलापोटी माझ्या कार्डावरून ७० डॉलर ९८ सेंट वळते झाले आहेत. दरमहा आपोआप कापली जाणारी ही रक्कम १५,००० रुपयांच्या आत असल्यामुळे ओटीपी विचारण्याचे सौजन्यही कोणी दाखवले नाही. ज्या तीन सर्व्हरांचे हे बिल, ते मी महिना सुरू होण्याआधीच स्वतःच्या हाताने बंद केले होते आणि तिघांच्याही नावापुढे ‘स्टॉप्ड’ अशी पाटी उमटल्याचे चष्मा पुसून दोनदा पाहिले होते.

बिल उलगडून पाहिले तेव्हा कळले, की सर्व्हर बंद झाला तरी त्याची डिस्क बंद होत नसते. २०० जीबीचे २० डॉलर लागले. हे एक वेळ मान्य करू, कारण सामान कोणाच्या तरी खोलीत पडून आहे. इंटरनेटवरून सर्व्हर गाठण्यासाठी लागणाऱ्या दोन पब्लिक आयपी पत्त्यांचे मात्र ताशी अर्धा सेंट या दराने ७ डॉलर ३० सेंट लावले आहेत. त्या पत्त्यांवर महिनाभर कोणी राहत नव्हते, कोणी दार वाजवत नव्हते, तरी घरपट्टी चालूच! आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे नॅट गेटवे. आतल्या सर्व्हरांना इंटरनेटपर्यंत पोहोचवणे एवढेच ज्याचे काम, तो हा गृहस्थ, ज्यांना पोहोचवायचे ते तिघेही गाढ झोपलेले असताना, पाडून टाकलेल्या वाड्याच्या दारातल्या भालदारासारखा ७३० तास ताठ उभा राहिला आणि ताशी साडेचार सेंटप्रमाणे ३२ डॉलर ८५ सेंट घेऊन गेला. एक बाइटसुद्धा इकडचा तिकडे न करता! मी नोकरीत असा पगार मागितला असता, तर सुरक्षारक्षकाने मला फाटकापर्यंत पोहोचवले असते. वर १८ टक्के जीएसटी आहेच, म्हणजे न घेतलेल्या सेवेवरचा सेवाकर.

घर कुलूपबंद असले तरी विजेचे बिल येते हे मला ठाऊक आहे; पण त्या बिलावर ‘स्थिर आकार’ असे स्वच्छ मराठीत छापलेले असते. इथे प्रत्येक ओळीत अशी संक्षिप्त नावे, की ती उलगडण्यासाठी वेगळी शिकवणी लावावी. शिवाय मी डॅशबोर्डवर मुंबई रीजन, म्हणजे तिथल्या संगणककेंद्रांचा विभाग, उघडून सगळे रिकामे पाहून समाधानाने मान डोलावत होतो आणि हा संसार थाटलेला होता अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, कारण दोन वर्षांपूर्वी ज्या व्हिडिओवरून मी हे शिकलो त्यातल्या माणसाने तेच निवडले होते. ५० डॉलरचा बजेट अलर्ट लावला होता. पण तो फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. घरात चोर शिरल्यावर भुंकण्याऐवजी पत्र टाकणारा कुत्रा काय कामाचा? मदतकक्षाकडे तक्रार केली, तर पहिल्याच ओळीत माझ्या ‘क्लाउड प्रवासाबद्दल’ आभार मानून, ही सगळी साधने अपेक्षेप्रमाणेच कार्यरत होती, असे कळवण्यात आले. या ‘प्रवास’ शब्दाची मला भयंकर चीड आहे. कुठलाही प्रवास नाही, मी पुण्यात खुर्चीवर बसलो आहे आणि माझा खिसा कापला जातो आहे.

आता खरे सांगायचे, तर ‘स्टॉप’च्या शेजारी ‘टर्मिनेट’, म्हणजे सर्व्हर कायमचा मिटवण्याचे बटणही होते आणि ते मी जाणूनबुजून दाबले नव्हते. आई श्रीखंडाचे रिकामे डबे ‘असू दे, लागतील’ म्हणून माळ्यावर टाकते तेव्हा मी तिला ऐकवतो. पण कधीच सुरू न झालेल्या एका ॲपचा चाचणीचा डेटा मी नेमक्या त्याच न्यायाने जपला होता, आणि आईचे डबे निदान फुकट राहतात.

अखेर दुपारी जेवणही बाजूला ठेवून गेटवे काढला, दोन्ही पत्ते सोडून दिले, सर्व्हर कायमचे मिटवले आणि डिस्कही पुसून टाकल्या. त्या पुसण्यापूर्वी प्रत्येकीचा एक स्नॅपशॉट, म्हणजे आतल्या डेटाची जशीच्या तशी नक्कल, तेवढा घेऊन ठेवला आहे. त्याला जीबीमागे महिन्याला पाचच सेंट पडतात.