मागणी तसा पुरवठा

लग्नाचं विचारायला मराठीत धड क्रियापद नाही. ‘मागणी घालणे’ आहे, पण ती मुलीला नाही, मुलीच्या वडिलांकडे घालतात. कॉलेजात आमची पोरं ‘प्रपोज मारायची’, म्हणजे झाडू मारतात, चक्कर मारतात, थाप मारतात, त्याच जातीतलं काहीतरी. राहता राहिलं ‘तू माझ्याशी लग्न करशील का?’ हे वाक्य मी सलग आठ दिवस आंघोळ करताना म्हणून पाहिलं. दर वेळी वाटायचं, आता विंगेतून मुलीचे वडील खोकत प्रवेश करणार.

शेवटी ठरवलं, तोंडानं काही बोलायचंच नाही. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात एक फाइन डायनिंग रेस्टॉरंट आहे. तिथे जेवायला न्यायचं आणि शेवटी येणाऱ्या गोडाच्या ताटलीवर चॉकलेटनं लिहून घ्यायचं, ‘लग्न करूया?’ बाकीचं अंगठी बघून घेईल.

आता जिला विचारायचं ती. तिचे वडील मुंबई ग्राहक पंचायतीचे जुने सभासद. १९७५ साली ही संस्था सुरू झाली. शेजारपाजारच्या घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याचं वाणसामान एकत्र मागवायचं आणि आपसांत वाटून घ्यायचं, अशी तिची पद्धत. पार्ल्यात यांच्याच घरी संघाचं सामान उतरायचं. इतर मुली भातुकली खेळायच्या त्या वयात ही खरी तूरडाळ खऱ्या काट्यावर मोजून बघायची. आता ती ऑडिटमध्ये आहे. बिस्किटाचा पुडा ती तारीख वाचल्याशिवाय फोडत नाही. स्टेशनवरच्या एका दुकानदारानं दुधाच्या पिशवीवर एक रुपया ‘कूलिंग चार्ज’ जास्त लावला, तेव्हा हिनं त्याला छापील किंमत म्हणजे काय ते शांतपणे समजावलं. आमची ६:५२ गेली. मी तिच्या प्रेमात पडलो तो त्याच दिवशी, ७:०४ च्या आसपास.

अशा मुलीला सरप्राइज द्यायचं म्हणजे आयकर खात्याला सरप्राइज देण्यासारखं आहे.

पहिला प्रश्न बोटाच्या मापाचा. ती एका सिनेमात मध्यंतरानंतर झोपली (तिकिटाचे पैसे वाया गेल्याचं दुःख तिला अजून आहे), तेव्हा मी हळूच तिच्या बोटाला दोरा गुंडाळून माप घेतलं. सराफानं तो दोरा चिमटीत धरून कंदिलाची वात बघावी तसा बघितला. ‘सुती दोरा ताणतो हो. मुलीलाच घेऊन या ना.’ मी म्हटलं, गुपित आहे. त्यावर त्यानं आणि दुकानातल्या दोन बायकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून त्यांना वेगळंच गुपित वाटलं असावं. मापाच्या कड्यांचा जुडगा काढून, दोऱ्याला जुळेल तो नंबर धरून, अठरा कॅरेटची, बारीकसा हिरा असलेली साडेतीन ग्रॅमची अंगठी झाली.

हिरा कशाला, हा प्रश्न मला पडला होता. १९४७ साली आपण इकडे स्वातंत्र्य घेत होतो, तेव्हा अमेरिकेत फ्रान्सिस गेरेटी नावाच्या एका बाईंनी एका हिरे कंपनीसाठी ‘हिरा चिरंतन असतो’ अशा अर्थाची एक ओळ लिहिली. त्या ओळीपायी आज डोंबिवलीतल्या माणसाला तीन हप्ते भरावे लागतात. बाईंनी स्वतः लग्न केलं नाही. जाहिरातीच्या धंद्यातली माणसं आपला माल कमीच वापरतात.

अंगठी घरात लपवली म्हणजे आईला सापडली. आईनं ती तळहातावर तोलली.

‘अठरा कॅरेट? मोडायला गेलास तर हातात काय येणार?’

‘आई, अजून घातलेली नाही आणि तू मोडायला निघालीस?’

‘आणि साखरपुड्याला काय देणार?’

‘म्हणजे?’

‘अंगठी आत्ताच दिलीस, तर साखरपुड्याला काय देणार? पोहे?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. रात्री मी स्वयंपाकघरात एका गुडघ्यावर बसण्याचा सराव करत होतो, तेव्हा हॉलमधून आवाज आला, ‘काय सांडलंस रे?’

रेस्टॉरंटची पाहणी करायला मी दोनदा जाऊन आलो. तिथल्या कॅप्टनशी, म्हणजे वेटरांच्या म्होरक्याशी, पहिली दहा मिनिटं इंग्रजीत बोललो. तोही इंग्रजीत बोलला. दोघंही घामाघूम. मग त्याचा फोन वाजला आणि तो पाठ करून हळूच म्हणाला, ‘गो आये, मागसून करतंय फोन.’ कणकवलीचा निघाला. त्यानंतर काम सोपं झालं. ‘अंगठी केकात घालायची नाय हां सर,’ त्यानं पहिलीच अट घातली. ‘एकांनी घातलेली. मॅडम गिळता गिळता राहिल्या.’ अंगठी त्याच्या खिशात राहील आणि गोडाबरोबर डबीतून येईल, असं ठरलं. चॉकलेटनं लिहिणारा आतला मुलगा बंगालचा. त्याच्यासाठी मी चिठ्ठीवर मजकूर लिहून दिला, तो बघून बघून काढणार होता.

तारीख घेतली २४ डिसेंबर. नाताळची पूर्वसंध्या, रोषणाई, थंडी. म्हणजे मुंबईत जेवढी असते तेवढी, पंखा दोनवर.

त्या संध्याकाळी मी डोंबिवलीहून अंगठी घेऊन लोकलनं निघालो. उलट्या दिशेची गाडी, गर्दी बेताची, तरी उजवा हात पँटच्या खिशावरून हलला नाही. घाटकोपरला शेजारचे काका म्हणाले, ‘पोटात दुखतंय का?’ मी हो म्हणालो. मग करी रोडपर्यंत ओव्याचे गुण ऐकले.

ती ऑफिसातून परस्पर आली. त्याआधी मी डबी कॅप्टनच्या हवाली केली होती. सगळं यथासांग चाललं होतं. ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ या प्रश्नाला मी ‘फिल्टरचं’ असं उत्तर दिलं, तेवढं सोडा. मग तिनं मेनूकार्ड हातात घेतलं. लोक मेनू वरून खाली वाचतात. ती खालून वर वाचते.

‘दहा टक्के सर्व्हिस चार्ज आकारला जाईल,’ तिनं वाचलं. अगदी तळाला मुंगीच्या अक्षरात होतं. दोन्ही खेपांना मी तेच कार्ड पाहिलं होतं आणि मला ती नक्षी वाटली होती.

तिनं हात वर केला. आला कोण, तर कॅप्टन. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात माझे तीन हप्ते.

‘दादा, हा ऐच्छिक असतो ना? ४ जुलै २०२२ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आपणहून बिलात लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलंय. शिवाय तुम्ही त्याच्यावर परत जीएसटी घेता. माणशी साडेचार हजार, दोघांचे नऊ. त्यावर नऊशे, आणि नऊशेवर पाच टक्के पंचेचाळीस.’

कॅप्टननं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संताप नव्हता, एक प्रकारची कीव होती. ‘सर, नक्की ना?’ असं ती नजर विचारत होती, आणि प्रश्न सर्व्हिस चार्जचा नव्हता.

‘अगं, असू दे ना आजच्या दिवस,’ मी म्हणालो.

‘आज? आज तर मुळीच नाही. आज तारीख काय?’

‘चोवीस. नाताळची...’

‘राष्ट्रीय ग्राहक दिन,’ ती म्हणाली. ‘१९८६ साली आजच्याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. मला वाटलं, म्हणूनच तू आज बाहेर जेवायला आणलंस.’ आणि तिनं माझा हात हातात घेतला. चार वर्षांत इतक्या प्रेमानं तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

‘मग काय!’ मी म्हणालो.

कॅप्टननं चार्ज काढायचं कबूल केलं. मी हात धुण्याच्या निमित्तानं उठलो, त्याला गाठलं आणि हजाराची सोय त्याच्या हातात ठेवली. नऊशे पंचेचाळीस वाचवायला मला हजार रुपये पडले. हे तिला अजून माहीत नाही. आता कळेल.

जेवण सात टप्प्यांचं होतं. पहिल्यांदा एका पसरट दगडावर बोरापेक्षा लहान एक गोळा आला. ‘हा शेफकडून,’ वेटर म्हणाला. मी इकडे तिकडे पाहिलं, म्हटलं शेफ कोण ते दिसलं तर हात जोडावेत. मग ‘वडापावचा नवा विचार’ आला. विचारच होता, वडा नव्हता. लसणीच्या चटणीचा फेस होता, पावाचं खुसखुशीत पापुद्र्यासारखं काहीतरी होतं आणि बटाटा आठवणीपुरता. ती प्रत्येक ताटली आली की फोटो काढायची. मला वाटलं, हौस. नंतर कळलं की मेनूत लिहिलेलं सगळं आलंय का ते ती ताडून पाहत होती. पाचव्या ताटलीला कोकमाचं तेल लिहिलं होतं, ते दिसत नव्हतं. वेटरनं एक लालसर थेंब बोटानं दाखवला. तिनं मान्य केला.

मला मात्र एकही चव लागत नव्हती. सातवी ताटली आली.

मोठं चकचकीत झाकण. कॅप्टन स्वतः घेऊन आला. पाठीमागे दोन वेटर, स्वयंपाकघराच्या दारातून डोकावणारा बंगालचा मुलगा. शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी काटा खाली ठेवला. झाकण उघडलं. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. एरवी कधी थरथरत नाही अशा आवाजात ती म्हणाली,

‘“करूया”तला रू दीर्घ हवा.’

शांतता. मी ताटलीत वाकून पाहिलं. ‘लग्न करुया?’

‘मॅडम, आमच्या पोराची चूक नाय,’ कॅप्टन तडफेनं पुढे झाला. पोराच्या इज्जतीचा प्रश्न होता. ‘सरांनीच असा लिवन दिलेला.’ आणि त्यानं खिशातून माझी चिठ्ठी काढून पुरावा म्हणून टेबलावर ठेवली. माझंच अक्षर. दहा वर्षं मराठी माध्यम, शुद्धलेखनाचा रोज एक परिच्छेद, आणि ऐन वेळी ऱ्हस्व.

दुरुस्ती सांगून झाल्यावर मग मजकूर तिच्यापर्यंत पोचला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आधी कान लाल झाले, मग नाक. आता वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी खुर्ची सरकवली आणि स्वयंपाकघरातल्या सरावाप्रमाणे उजव्या गुडघ्यावर बसलो. नाताळच्या गर्दीसाठी घेतलेला एक नवीन पोरगा होता, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो तीरासारखा आला, ‘सॉरी सर’ म्हणाला आणि माझ्या पुढे केलेल्या हातावर घडी केलेला स्वच्छ नॅपकिन ठेवून गेला. अशा ठिकाणी ग्राहकानं खाली वाकून काही उचललेलं चालत नाही म्हणे. कॅप्टननं मग त्या नॅपकिनवरच डबी ठेवली. दिसायला उलट बरं दिसलं, ओवाळणीसारखं.

तिनं अंगठी उचलली. घातली नाही. दिव्याखाली धरली, आतली बाजू फिरवून पाहिली, मोबाइलनं मोठा फोटो काढला.

‘काय बघतेस?’ मी खालून विचारलं.

‘एचयूआयडी. दागिन्याचा ओळख क्रमांक, सहा अक्षरी असतो. एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.’ तिनं हॉलमार्क तपासायचं बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, ॲप उघडलं. गिरणीच्या भिंती ब्रिटिशांच्या काळच्या, दोन हात जाड. रेंज नाही. चक्र फिरत राहिलं. माझा गुडघा कळ मारू लागला.

‘वायफायचा पासवर्ड काय हो?’

कॅप्टननं सांगितला. तो तिनं दोनदा चुकवला, मॅनेजरनं येऊन बरोबर करून दिला. आता टेबलाभोवती सात माणसं होती आणि सगळी मोबाइलच्या पडद्याकडे बघत होती. शेजारच्या काकू उठून जवळ आल्या. ‘१८के७५० आला,’ त्यांनी मोठ्यानं वाचलं. कुणीतरी टाळी वाजवली.

‘बरोबर आहे,’ ती म्हणाली.

‘म्हणजे हो?’

‘अंगठी बरोबर आहे म्हटलं.’ मग तिनं ती घालायला घेतली. पेरापाशी येऊन अडकली. सुती दोरा. तिनं दोनदा रेटून पाहिली, करंगळीत घातली, तिथे सैल झाली. मी अजून खालीच होतो. उठावं तर उत्तर आलेलं नाही, बसावं तर गुडघा ऐकत नाही.

‘पावती आहे?’ तिनं विचारलं.

‘आईकडे.’

‘मग शनिवारी जाऊ बदलून घ्यायला. तुझ्या आईला पावतीसकट बोलव. बाबांनाही घेते, ते घडणावळ बघतील.’ एवढं बोलून तिनं डोळे पुसले, माझ्या हातावरच्या नॅपकिननं. ‘आणि ऊठ आता. गोड वितळतंय.’

बिल आलं तेव्हा तिनं ते ओळ न् ओळ वाचलं. सर्व्हिस चार्ज नव्हता. मग पर्समधून नऊशे रुपये काढून तिनं कॅप्टनच्या हातात दिले. ‘ही टिप आहे,’ तिनं त्याला बजावलं, ‘सर्व्हिस चार्ज नाही.’ कॅप्टननं माझ्याकडे न बघता ते खिशात घातले. त्याचा तो ग्राहक दिन बरा गेला असावा.

बाहेर आलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि आम्हाला सणसणून भूक लागली होती. करी रोडच्या पुलाशी एक भुर्जीवाला होता. त्याच्या पाटीवर दर लिहिलेले होते, म्हणून ती लगेच बसली. मग तिनं घरी फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. अंगठी, रेस्टॉरंट, मी. वडिलांनी नीट ऐकून घेतलं.

‘तीन ठिकाणी चौकशी केली होतीस ना?’ ते म्हणाले.

ते कशाबद्दल विचारत होते, ते मी अजून विचारलेलं नाही.